विकर

कंबर तलावावर सकाळी सात वाजता
इरण्णा ट्यूबवर बसून आत जातो.
मी काठावरून ओरडते, मुळासकट आण रे,
पानं मोजायची आहेत.
जलपर्णी. महापालिका तिला पोकलेननं उपसते,
मी ओल्या गोणपाटात गुंडाळून नेते.

मधलं, अजून न उलगडलेलं पान पहिलं.
तिथून बाहेर गोल गोल, वयाच्या क्रमानं.
नववं पाण्यात कलंडलेलं,
त्याच्या पाठीवर गोगलगायीची अंडी.

बर्फ अय्याजकडून, ज्यावर मासे ठेवतात तोच.
एप्रिलमध्ये सोलापुरात बर्फ
म्हणजे घेतानाच अर्धं पाणी.
प्रयोगशाळेत खल थंड, बत्ता थंड, माझी बोटं बधिर,
खिडकीबाहेर त्रेचाळीस.
पान ठेचायचं, गाळायचं, काचेच्या चौकोनी नळीत भरायचं
आणि यंत्रावर आकडा किती भरभर उतरतो ते बघायचं.
जितका भरभर, तितकं पान कामावर.
वीज गेली की सगळं मोरीत.
परवा दोनदा ओतलं.

पहिल्या पानात फार काही सापडत नाही,
ते उलगडण्यातच गुंतलेलं.
चौथ्यात आकडा पळतो, पेन्सिल मागं पडते.
सातव्याशी मी अडखळले.
सातवं हिरवं आहे, चौथ्याहून गडदच.
बाजारात शेजारी मांडली
तर गिऱ्हाईक सातवंच उचलेल.
आत रुबिस्को निम्म्याच्या खाली.
यंत्र बिघडलं म्हणून तीन झाडं जास्तीची ठेचली,
तेच.

हत्तुरे मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या,
रंग शेवटी जातो गं, काम आधी जातं.
पान आपल्या हातानं ते उसवतं,
सुटं करून देठातून आत धाडतं
मधल्या गुंडाळीकडं.

प्रबंध इंग्रजीत, पण गोषवारा मराठीत हवा होता.
रात्री नायना तो घेऊन बसले.
साखर पेठेत आमच्या बोळात दहाला माग थांबतात,
मगच कुणी वाचत असलं तर ऐकू येतं.
सकाळी बघते तर सतरा ठिकाणी लाल पेन.
वि आणि क यांच्यामध्ये
खालून एक बाण, वर ण.

पानाच्या वयानुसार विणकराची क्रियाशीलता घटते.
अति उष्णतेने विणकर निकामी होतो.
विणकर बर्फावर ठेवावा.

"ण खाल्लाय की छापणाऱ्यानं सगळीकडं,"
चहात पाव बुडवत म्हणाले.
नायना, तो शब्दच वेगळा आहे. विकर.
पानात असतो. हवेतून साखर करतो.
"हवेतून?"
हवा, पाणी, ऊन.
पाव कपात तुटून पडला, त्यांनी तो चमच्यानं काढला.
"मग विणतोच की."

चार माग एकटे सांभाळायचे ते,
धागा तुटला तर आवाजावरून कळायचं, कुठल्या मागाचा.
आता टॉवेलांच्या घड्या घालतात, डझनाच्या.
मालक अजून कारागीर म्हणतो.
मी हे गोषवाऱ्यात लिहिलेलं नाही
आणि त्यांनी विचारलंही नाही. विचारलं ते एवढंच,
"नवव्यात किती निघालं?"
शून्य पूर्णांक शून्य चार.
मॅडम म्हणतात, नगण्य लिही.
"आकडा निघालाय ना?"
हो.
"मग आकडा लिही. नगण्य काय, कुणीबी लिहितं."

आकडा लिहिला.
सोळा ण खोडले.
सतरावा, सातव्या पानावरचा, खालून तिसऱ्या ओळीतला,
नजरेतून सुटला म्हणायचं.

उद्या परत सात वाजता.
इरण्णा म्हणतो, ट्यूबला पंक्चर आहे,
पण पहिल्या वीस फुटांपुरती हवा राहते.